पोटाचे ऑपरेशन : पैसे भरण्याआधी हे वाचा

बाळंतपणे आटोपतात, मुले शाळेत जाऊ लागतात, शेतातले काम पूर्वीसारखे अंगावर येते. पण पोट मात्र काही केल्या मागे सरत नाही. निऱ्या खोचल्या की वरून कातडीची घडी लोंबते. खुरपायला बसले की पोट आडवे येते. आठवडी बाजारात एखादी ओळखीची बाई भर रस्त्यात विचारते, "कितवा महिना गं?" विचारणारी विचारून जाते, ऐकणारीचा दिवस वाईट जातो.

अशातच मोबाइलवर जाहिरात येते : 'एका ऑपरेशनात पोट सपाट!' शहरातली एखादी नातेवाईक ते करून आलेली असते. तिला पाहून मनात येते, आपणही करावे का? यंदा उसाचे बिल बरे आले आहे, मालक नाही म्हणणार नाहीत, मग काय हरकत आहे?

हे ऑपरेशन करा किंवा करू नका, असे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. शरीर तुमचे आहे, निर्णयही तुमचाच. पण बैल घेताना आपण त्याचे दात बघतो, चालवून बघतो, चार जाणत्यांना विचारतो. मग पोट चिरून घेण्याआधी तेवढी तरी चौकशी नको का?

पोट का सुटते?

आपल्या पोटावर वरपासून खालपर्यंत स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. मध्ये बेंबीच्या रेषेत ते एका चिवट पडद्याने जोडलेले असतात. पोटात बाळ वाढू लागले की हा पडदा ताणतो आणि दोन्ही पट्टे एकमेकांपासून दूर सरकतात. बाळंतपणानंतर ते हळूहळू जवळ येतात. बऱ्याच जणींचे पहिल्या दोन महिन्यांत पुष्कळ सुधारते, काहींना वर्ष लागते. मात्र लागोपाठ बाळंतपणे झाली, जुळी मुले झाली किंवा पुरती विश्रांती न मिळता हंडे-कळश्या उचलाव्या लागल्या, तर मधली फट तशीच राहू शकते. मग अंगाने सडपातळ असलेल्या बाईचेही पोट पुढे दिसते.

दुसरे कारण कातडीचे. रबर वारंवार ताणले की सैल पडते, तशी कातडी सैल पडते. तिसरे कारण चरबी. ती दोन जागी साठते. एक कातडीखाली, चिमटीत धरता येते ती. दुसरी पोटाच्या आत, आतड्यांच्या भोवती. ही आतली चरबी मधुमेह आणि हृदयविकाराला आमंत्रण देते. बेंबीच्या पातळीवर टेप लावून कंबर मोजा. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर गेली, की सावध व्हावे असे आपल्याकडच्या लोकांसाठी डॉक्टर मानतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन केल्यापासून माझे पोट सुटले,' असे गावोगाव ऐकू येते. त्या ऑपरेशनात फक्त बीजनलिका बांधतात. त्याने चरबीही वाढत नाही आणि स्नायूही सैल होत नाहीत. ते ऑपरेशन होते तेव्हा दोन-तीन बाळंतपणे झालेली असतात, वयही वाढलेले असते. पोट सुटते ते या कारणांनी, आळ मात्र येतो ऑपरेशनवर.

आधी दुखणे आहे का ते पाहा

पोट मोठे दिसते म्हणजे ते सुटलेलेच असते असे नाही. खरी जोखीम इथेच आहे. गर्भाशयाची गाठ, बीजकोशाची गाठ, यकृताच्या दुखण्याने पोटात साठलेले पाणी, यांनीही पोट वाढते. हातपाय बारीक होत चालले आणि पोट तेवढे वाढते आहे, थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते, पाळी बिघडली आहे किंवा पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाते आहे, असे काही असेल तर सपाट पोटाचा विचार बाजूला ठेवा आणि आधी तपासणी करून सोनोग्राफी काढून घ्या. दिवस गेलेले नाहीत ना, याचीही खात्री करा.

दुसरी गोष्ट हर्नियाची. पोटाच्या पडद्याला भोक पडून आतला भाग बाहेर डोकावतो, त्याला हर्निया म्हणतात. तो बेंबीपाशी होतो, तसाच सिझरच्या किंवा दुसऱ्या जुन्या ऑपरेशनच्या व्रणावरही होतो. खोकल्यावर, शिंकल्यावर किंवा भारा उचलल्यावर फुगवटा येतो आणि आडवे झाले की तो आत जातो. गावात कुणी त्यावर नाणे ठेवून पट्टी बांधते. त्याने भोक बुजत नाही. आणि हे नीट ध्यानात ठेवा : फुगवटा आत जाईनासा झाला, कडक झाला, दुखू लागला, उलट्या होऊ लागल्या, वारा सरेना, तर आतडे अडकले असण्याचा संभव असतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. रात्र असो की पाऊस, ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात त्याच वेळी पोहोचले पाहिजे.

हर्निया हा आजार आहे. सैल कातडी हा आजार नव्हे. हा फरक पैशाच्या बाबतीतही महत्त्वाचा ठरतो. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

घरच्या घरी एक परीक्षा

सकाळी उपाशीपोटी अंथरुणावर उताणे पडा. गुडघे दुमडा, पावले जमिनीला टेकवा. हाताची बोटे जुळवून बेंबीच्या जरा वर आडवी ठेवा. आता श्वास सोडत डोके आणि खांदे किंचित उचला. दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या कडा बोटांना लागतील. मध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा वाटली किंवा मधोमध वरंब्यासारखा उंचवटा उठला, तर स्नायू फाकलेले आहेत असे समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

फट आहे म्हणजे लगेच ऑपरेशन असा अर्थ नाही. काही महिने नेटाने व्यायाम केला तर पुष्कळ जणींना फरक पडतो. त्याला पैसा लागत नाही.

पहिला व्यायाम असा : गुडघे दुमडून उताणे पडा. सावकाश श्वास सोडा आणि सोडताना बेंबी पाठीच्या कण्याकडे ओढून घ्या. मनात पाच आकडे मोजा, मग सैल सोडा. असे दहा वेळा.

दुसरा : लघवी थांबवताना जे स्नायू आपण आवळतो, तेच आवळा, पाच आकडे मोजा, सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. हा व्यायाम बसल्या जागी, दूध तापेपर्यंतही करता येतो. खोकल्यावर लघवी सुटणाऱ्या बाईलाही याचा उपयोग होतो.

तिसरा : उताणे पडून, गुडघे दुमडून कंबर हळूच वर उचला, थोडे थांबा, खाली आणा. असे दहा वेळा.

सिझर झालेले असेल तर डॉक्टरांना विचारून, साधारण दीड महिन्यानंतर हे व्यायाम सुरू करावेत. फाकलेल्या स्नायूंवर एकदम उठाबशा काढू नयेत किंवा उताणे पडून झटक्याने उठून बसू नये. त्याने फट वाढू शकते. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे, मग हाताने रेटा देऊन उठावे. घमेले किंवा कळशी उचलताना श्वास कोंडून न धरता सोडत उचलावे.

बाळंतिणीचे पोट बांधण्याची आपली जुनी चाल आहे. मऊ सुती कापडाने बेताने बांधले तर कमरेला आधार मिळतो, बरे वाटते. पण त्याने चरबी जात नाही आणि फटही बुजत नाही. श्वास अडेल किंवा ओटीपोटात खाली दाब वाटेल इतके आवळू नये. अंग बाहेर येत असल्यासारखे वाटत असेल तर बांधणे बंद करून डॉक्टरीणबाईंना दाखवावे. ही लाजून लपवण्याची गोष्ट नाही.

ऑपरेशनात नेमके काय करतात?

शहरात याला 'टमी टक' म्हणतात. डॉक्टरांचा शब्द अॅब्डोमिनोप्लास्टी. ही प्लास्टिक सर्जरी आहे. पण तिच्यात प्लास्टिक कुठेच नसते. प्लास्टिक म्हणजे घडवणे, आकार देणे, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. आणि ही विद्या फक्त सिनेमानट्यांची, असेही नाही. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी फिरवून त्याला नवे नाक बसवून दिले. ती हकिगत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली आणि तिकडच्या डॉक्टरांनी ती युक्ती उचलली. १९५८ साली नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग सुरू केला. भाजलेले, अपघातात सापडलेले, दुभंगलेल्या ओठांनी जन्मलेले हजारो गोरगरीब या विद्येने सावरले आहेत. पोटाची जास्तीची कातडी आणि चरबी काढण्याचे ऑपरेशनही शंभर वर्षांहून जुने आहे. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये ते केल्याची नोंद आहे.

आता रीत पाहू. बाईला बहुधा पूर्ण भूल देतात. ओटीपोटाच्या खाली, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवा छेद घेतात. तिथून कातडी आणि तिच्याखालची चरबी वरपर्यंत सुटी करतात. मग फाकलेले दोन्ही स्नायू टाके घालून मध्यभागी जवळ आणतात, जशी आपण सैल गोधडीला चुणी घालून शिवतो. कातडी खाली ओढून जास्तीची कापून टाकतात. बेंबी जागेवरच असते, तिच्यासाठी कातडीला नवे भोक पाडून ती बाहेर काढतात. आत पाणी साचू नये म्हणून बहुधा दोन नळ्या ठेवतात आणि टाके घालतात. हे सारे व्हायला साधारण दोन ते चार तास लागतात.

यावरून तीन गोष्टी लक्षात येतील. एक, हे मोठे ऑपरेशन आहे. दात काढण्यासारखे किरकोळ नव्हे. दुसरी, कमरेपासून कमरेपर्यंतचा व्रण जन्मभर राहणार आहे. वर्षभरात तो फिका पडतो, साडीखाली झाकतो, पण पुसला जात नाही. तिसरी, आतड्यांभोवतीची चरबी याने निघत नाही. ज्याचे पोट घट्ट, गोल, माठासारखे आहे, त्याला या ऑपरेशनाचा फायदा थोडा. अनेक पुरुषांचे पोट याच जातीचे असते. त्यांना खाण्यावर ताबा आणि रोजचे चालणे हाच उपाय.

लायपोसक्शन म्हणून दुसरा प्रकार आहे. त्यात नळीने कातडीखालची चरबी ओढून घेतात. सैल कातडी आणि फाकलेले स्नायू तसेच राहतात. बॅरिअॅट्रिक नावाचे तिसरे ऑपरेशन फार लठ्ठ माणसांसाठी असते, त्यात आतला जठराचा भाग लहान करतात. तिन्ही वेगवेगळी आहेत. आपल्याला कोणते सांगितले आहे, ते नाव विचारून घ्या.

कुणी थांबावे?

अजून मूल हवे असेल तर थांबावे. ऑपरेशननंतर दिवस राहू शकतात, पण पोट पुन्हा ताणते आणि केलेला खर्च वाया जातो. शेवटच्या बाळंतपणानंतरही निदान सहा महिने ते वर्ष जाऊ द्यावे आणि अंगावरचे दूध सुटू द्यावे.

वजन फार असेल तर आधी ते उतरवावे आणि सहा महिने तरी टिकवून दाखवावे. हे ऑपरेशन वजन घटवण्याचा उपाय नव्हे. वजन जास्त असताना केले तर जखम चिघळण्याचा आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयाचे दुखणे असेल तर ते आधी काबूत आले पाहिजे. अंगात रक्त कमी असणे हे तर आपल्याकडच्या बायकांचे घरोघरचे दुखणे. रक्त तपासून घ्या, कमी असेल तर आधी भरून काढा.

तंबाखू आणि मिशरी यांबद्दल वेगळे सांगायला हवे. या ऑपरेशनात कातडीचा मोठा पदर सुटा केलेला असतो. त्याला रक्त पोहोचले तरच तो जगतो. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, मग कातडीचा भाग काळा पडून मरू शकतो आणि जखम महिनोन्महिने भरत नाही. डॉक्टर विचारतात, "विडी-सिगारेट ओढता का?" आपण म्हणतो, "छे, छे!" पण सकाळी दातांना मिशरी लावतो ते सांगायचे राहून जाते. मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. ऑपरेशनच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतरही चार आठवडे मिशरी, तंबाखू, गुटखा सारे बंद हवे. ते जमणार नसेल तर ऑपरेशन करू नये, इतकी ही गोष्ट मोठी आहे. आणि एकदा सुटलीच मिशरी, तर पुन्हा डबी उघडू नका.

चालू असलेली सारी औषधे डॉक्टरांना दाखवा. माला-एनसारख्या पाळणा लांबवण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. त्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा संभव थोडा वाढतो. वैद्याचे काढे, दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्याही लपवू नका.

धोके कोणते?

सर्वांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे कातडीखाली पाणी साचणे. ते सुईने काढावे लागते, कधी चार-पाच खेपा होतात. रक्त साचणे, जखमेत पू होणे, टाके उसवणे, कातडीचा काठ मरणे हे त्रासही होतात. बेंबीखालचा भाग बधिर राहतो; काही महिन्यांत बरीच जाणीव परतते, पण एखादा पट्टा कायम बधिर राहू शकतो. चुलीपुढे काम करणाऱ्या बाईने हे ध्यानात ठेवावे, कारण बधिर जागी चटका बसला तरी कळत नाही.

सर्वांत मोठा धोका रक्ताच्या गुठळीचा. पायाच्या शिरेत गुठळी होते आणि सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते. असे क्वचित होते, पण होते. म्हणून ऑपरेशननंतर लवकरात लवकर, जमल्यास त्याच दिवशी, आधाराने चार पावले चालवतात. एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, एकाएकी दम लागला, छातीत कळ आली, तर एक क्षणही दवडू नये. ताप, जखमेला वास, पोट एकदम टणक होणे, ही लक्षणेही लगेच दवाखाना गाठण्याची आहेत.

भूल देण्याआधी सहा ते आठ तास काही खायचे नसते. "एक कप चहाने काय होते?" म्हणून कुणी चहा पाजू नये. भुलेत उलटी होऊन ती छातीत गेली तर जीव जाऊ शकतो.

घरी आल्यावर काम कोण करणार?

दवाखाना दोन-तीन दिवसांत सुटतो. खरी परीक्षा घरी असते. पहिला आठवडा-दीड आठवडा कमरेत वाकूनच चालावे लागते, गुडघ्यांखाली उशी घेऊन निजावे लागते. साधारण सहा आठवडे पोटाला पट्टा बांधावा लागतो. आणि सहा ते आठ आठवडे जड काही उचलायचे नाही. जड म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगायचे तर : पाण्याची कळशी नाही, शेणाचे घमेले नाही, वैरणीचा भारा नाही, फवारणीचा पंप नाही, विहिरीवरून पोहरा ओढणे नाही, आणि कडेवर मूलही नाही. उकिडवे बसून धार काढणे आणि खुरपणी यांनाही तोवर सुट्टी. हे पाळले नाही तर आतले टाके तुटतात, मग पोटही गेले आणि पैसेही गेले.

म्हणून तारीख ठरवताना पंचांगाआधी पीक पाहा. पेरणीच्या तोंडावर, भातलावणीत, कापूस वेचणीत किंवा ऊसतोडीच्या दिवसांत हे ऑपरेशन घेऊ नये. दोन महिने गोठा कोण पाहील, स्वयंपाक कोण करील, जावेला किंवा बहिणीला किती दिवस बोलावता येईल, हे घरात बसून आधी ठरवावे. मालकांनीही हा भाग वाचावा. 'हो, कर' म्हणणे सोपे असते. दोन महिने चूल आणि गोठा सांभाळणे म्हणजे खरा होकार.

दवाखाना लांबच्या शहरात असेल तर पहिला आठवडा तरी तिथेच जवळपास नातेवाइकांकडे राहावे. नळ्या आणि टाके काढायला जावे लागते, पाणी साचले तर पुन्हा जावे लागते. ओल्या जखमेने चार-पाच तास एस.टी.त बसून येणे धोक्याचे. तसे बसावेच लागले तर मध्ये उतरून पाय मोकळे करावेत.

डॉक्टर कोण आणि पैसा किती?

उथळ पाण्याला खळखळाट फार. मोठ्या फलकावर 'कॉस्मेटिक' असे लिहिले म्हणजे माणूस प्लास्टिक सर्जन झाला असे नाही. एमबीबीएस, मग एमएस, आणि त्यावर प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी अशी पदवी असते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत डॉक्टरांचे नाव आहे का, ते शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला मोबाइलवर पाहायला सांगा. पार्लरमध्ये किंवा दोन खोल्यांच्या 'सेंटर'मध्ये असले ऑपरेशन करून घेऊ नये. भूल देणारे तज्ज्ञ डॉक्टर, रक्ताची सोय आणि अडचण आली तर अतिदक्षता विभाग, या तिन्ही गोष्टी हव्यात.

मुंबईचे केईएम, सायन, नायर, जे.जे. आणि नागपूरचे मेडिकल अशा सरकारी व पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तिथे निदान सल्ला तरी जरूर घ्यावा.

खासगी दवाखान्यात हा खर्च बहुधा लाखाच्या पुढे जातो. केवळ देखणेपणासाठी केलेल्या ऑपरेशनाचा खर्च सरकारी योजना आणि विमा कंपन्या सहसा देत नाहीत. हर्नियाची गोष्ट वेगळी आहे. तो आजार असल्याने महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपले दुखणे बसते का, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्या. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देण्याची योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू झाली आहे. तिचीही चौकशी करा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे इथे अक्षरशः खरे आहे. यासाठी सावकाराचे कर्ज काढू नका, दागिना गहाण टाकू नका, बियाण्या-खताचे पैसे मोडू नका. सैल पोट वर्षभर थांबते. पेरणी थांबत नाही.

आणि घाई करणाऱ्यापासून दूर राहा. "आजच पैसे भरलेत तर सवलत," असे दवाखान्यात कुणी म्हणाले तर चप्पल घालून बाहेर पडा. नको ती ऑपरेशने गळ्यात पडण्याचा प्रकार आपल्याकडे नवा नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढल्याचा बोभाटा झाला, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. म्हणून कोणतेही ऑपरेशन असो, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

हा भाग कापून पाकिटात ठेवा आणि दवाखान्यात बरोबर न्या.

१. माझ्या पोटाचे कारण काय : कातडी, स्नायू, चरबी, हर्निया की आणखी काही?
२. व्यायामाने किंवा वजन उतरवून भागेल का?
३. ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार का? अशी किती केली आहेत?
४. भूल कोण देणार? रात्री दवाखान्यात कोण असते?
५. व्रण कुठून कुठपर्यंत येईल? बोटाने दाखवा.
६. एकूण खर्च किती? त्यात भूल, खोली, औषधे, पट्टा, नंतरच्या खेपा धरल्या आहेत का? लेखी द्या.
७. पाणी साचले, जखम चिघळली किंवा पुन्हा ऑपरेशन करावे लागले तर पैसे कुणाचे?
८. रात्री-अपरात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा?

संमतीपत्र मराठीत मागा. वाचता येत नसेल तर घरच्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या आणि समजल्यावरच सही करा किंवा अंगठा उठवा. प्रश्न विचारले म्हणून चिडणाऱ्या डॉक्टरांकडे आपले पोट सोपवू नये.

शेवटी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांसाठी. हे ऑपरेशन कुणाच्या टोमण्यामुळे करायचे नसते. नवऱ्याने नाव ठेवले, सासू बोलली, बाजारात कुणी हसले, म्हणून सुरीखाली जाणारी बाई पुढे पस्तावण्याचा संभव मोठा. ज्या पोटाने दोन-तीन लेकरे वाढवली, त्याला नाव ठेवायचा अधिकार त्या घरात कुणालाच नाही. मात्र सैल कातडीच्या घडीत घाम साचून सारखे चट्टे उठतात, कंबर दुखते, काम करताना त्रास होतो, आणि विचार करून, पैसा बाजूला काढून, घरचे पाठीशी घेऊन एखादी बाई स्वतःच्या मनाने ऑपरेशन करून घेते, तर तिलाही कुणी 'नटवी' म्हणू नये.

तूर्त एवढे करा. आज रात्री अंथरुणावर पडल्यावर बेंबीपाशी हात ठेवून खोकून पाहा. हाताला फुगवटा लागला तर या आठवड्यात डॉक्टर गाठा. नाही लागला, तर उद्या सकाळपासून तो पहिला व्यायाम दहा वेळा सुरू करा.